थे कोंग : पुसले गेलेले नाव परत कसे आले?

१/
८ नोव्हेंबर २०२०. हो ची मिन्ह शहरातील थोंग न्यात मैदान. व्हिएतनामच्या सर्वोच्च फुटबॉल लीगची अखेरची फेरी. ब्रुनो या ब्राझिलियन खेळाडूच्या एकमेव गोलच्या जोरावर 'व्हिएटेल' या संघाने सायगॉन एफसीला नमवले आणि विजेतेपद मिळवले. कागदोपत्री हा एका दूरसंचार कंपनीचा संघ होता आणि आदल्या वर्षीच तो वरच्या श्रेणीत आला होता. हनोईतील जुन्या फुटबॉलप्रेमींचा हिशेब मात्र निराळा होता. त्यांच्या मते हे विजेतेपद नवे नव्हते. २२ वर्षांनी घरी परत आले होते.

२/
ते ज्या संघाबद्दल बोलत होते त्याचे नाव 'थे कोंग'. व्हिएतनामच्या लष्कराचा हा संघ, आणि एकेकाळी त्या देशातील फुटबॉलचा मानदंड. हे नाव २००९ साली एका सरकारी निर्णयाने पुसले गेले. एखाद्या क्लबचे नाव नेमके कोणाच्या मालकीचे असते, असा प्रश्न या गोष्टीतून उभा राहतो. ती समजून घ्यायची तर १९५४ सालापर्यंत मागे जावे लागते.

३/
७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फूच्या खोऱ्यात फ्रेंच सैन्याने शरणागती पत्करली. २१ जुलैला जिनिव्हा करार झाला आणि १७ व्या अक्षांशाजवळ देशाचे दोन भाग पडले. १० ऑक्टोबरला हो ची मिन्ह यांच्या सैन्याने हनोईचा ताबा घेतला. या धामधुमीच्या काळातच, २३ सप्टेंबर १९५४ रोजी, लष्कराने आपले क्रीडापथक स्थापन केले. म्हणजे राजधानी हाती येण्याच्या सतरा दिवस आधी लष्कराचा संघ तयार होता!

४/
नावाचा अर्थही जाणून घेण्याजोगा आहे. 'थे' हा शब्द शरीर आणि व्यायाम यांच्याशी निगडित आहे, तर 'कोंग' म्हणजे कार्य, कामगिरी. गाणी-नाटके घेऊन आघाडीवर जाणाऱ्या लष्करी कलापथकांना 'व्हान कोंग' म्हणत. त्याच धर्तीवर खेळाचे काम करणारे पथक ते 'थे कोंग'. खेळ ही करमणूक नसून सोपवलेली कामगिरी आहे, ही धारणा नावातच होती. या संघाचे खेळाडू गणवेशातले सैनिक होते.

५/
ही कल्पना एकट्या व्हिएतनामची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर साम्यवादी राजवटींच्या देशांत लष्कराचे क्लब उभारण्याची लाटच आली होती. बेलग्रेडचा पार्टिझान १९४५ चा, बुखारेस्टचा स्तेआउआ १९४७ चा, सोफियाचा सीएसकेए आणि प्रागचा दुक्ला १९४८ चे. मॉस्कोचा सीएसकेए तर त्याहून जुना. थे कोंग हे या कुटुंबाचे आशियाई भावंड होय.

६/
हनोईच्या ऐतिहासिक ध्वजबुरुजालगत लष्कराचे मैदान होते. बुरुजाला व्हिएतनामी भाषेत 'कोत को' म्हणतात आणि मैदानही त्याच नावाने ओळखले जाई. थे कोंगचे घर ते हेच. उत्तर व्हिएतनामच्या स्पर्धांत या संघाने वारंवार विजेतेपद मिळवले. पोलीस खात्याचा 'कोंग आन हनोई' हा त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. लष्कर विरुद्ध पोलीस हा सामना म्हणजे राजधानीतला सर्वांत मोठा सोहळा असे.

७/
१९६५ पासून अमेरिकी विमानांनी उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बवर्षाव सुरू केला. डिसेंबर १९७२ मध्ये खुद्द हनोईवर बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले. अशा काळात नियमित स्पर्धा भरवणे दुरापास्त होते. तरीही याच पिढीतून न्गुयेन थे आन्ह यांच्यासारखा आघाडीपटू पुढे आला. प्रेक्षक त्यांना 'बा डेन' या टोपणनावाने ओळखत. नभोवाणी हेच मनोरंजनाचे मुख्य साधन असलेल्या त्या समाजात अशी टोपणनावे घरोघरी पोहोचत.

८/
३० एप्रिल १९७५ रोजी सायगॉन पडले आणि पुढच्या वर्षी देश अधिकृतपणे एक झाला. ७ नोव्हेंबर १९७६ रोजी उत्तरेचा रेल्वे संघ दक्षिणेत जाऊन सायगॉन बंदराच्या संघाशी खेळला व २-० असा जिंकला. उत्तर-दक्षिण मिलनाचा सामना म्हणून तो आजही स्मरला जातो. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९८० साली भरली आणि तिचे विजेतेपदही रेल्वेकडेच गेले.

९/
त्या काळातील विजेत्यांची यादी पाहिली की राज्यव्यवस्थेचे चित्रच समोर येते. १९८० साली रेल्वे, १९८४ साली हनोई पोलीस, १९८६ साली सायगॉन बंदर, १९९१ साली सीमाशुल्क खाते! खेळाडू हे त्या त्या खात्याचे कर्मचारी. पगार, शिधा, निवास सारे खात्याकडून. क्लब विकत घेणे किंवा खेळाडूची किंमत ठरवणे या कल्पनाच तेथे अस्तित्वात नव्हत्या.

१०/
या व्यवस्थेत लष्कराचे स्थान अर्थातच भक्कम होते. देशभरातील गुणी मुले हेरून आपल्या छत्राखाली आणणे लष्कराला सहज शक्य होते. तेव्हा संघाचे अधिकृत नाव होते 'सेना क्लब'. या नावाने त्याने १९८१-८२, १९८२-८३, १९८७ आणि १९९० अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. न्गुयेन काओ कुओंग हा या काळातला गाजलेला आघाडीपटू. लोकांच्या तोंडी मात्र 'थे कोंग' हेच नाव राहिले. नाव कागदावरून गेले तरी जिभेवरून जात नाही, याचा हा पहिला दाखला.

११/
१९८६ साली व्हिएतनामने 'दोई मोई' म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले. बाजारपेठ खुली होऊ लागली, अनुदानाचे दिवस सरू लागले. फुटबॉलवर त्याचा परिणाम होण्यास आणखी काही वर्षे लागणार होती. त्या मधल्या संधिकाळात थे कोंगची सर्वांत लाडकी पिढी घडली : न्गुयेन होंग सोन, त्रुओंग व्हिएत होआंग, डांग फुओंग नाम, त्रिएउ क्वांग हा.

१२/
१९९८ हे या पिढीचे वर्ष. थे कोंगने पाचवे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी आग्नेय आशियाई देशांची टायगर कप स्पर्धा व्हिएतनाममध्ये झाली. उपांत्य सामन्यात यजमानांनी हनोईच्या हांग डे मैदानावर बलाढ्य थायलंडला ३-० असे हरवले. त्यांतील पहिले दोन गोल व्हिएत होआंग आणि होंग सोन या थे कोंगच्या खेळाडूंचे. अंतिम सामन्यात सिंगापूरने ०-१ अशी निराशा पदरी टाकली. पण होंग सोन स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले.

१३/
तेव्हा कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते की लष्कराच्या संघाचे हे त्या नावाने जिंकलेले शेवटचे विजेतेपद आहे. २०००-०१ च्या हंगामापासून व्हिएतनामी फुटबॉल व्यावसायिक झाले. परदेशी खेळाडू आले, करार आले, प्रायोजकांची नावे संघांच्या नावांना चिकटली. खात्यांच्या संघांसाठी ही धोक्याची घंटा होती. हनोई पोलिसांचा संघ २००२ साली विमान कंपनीकडे गेला. सायगॉन बंदराच्या नावापुढे पोलाद कंपनीचे नाव लागले.

१४/
नव्या काळाचे प्रतीक ठरला मध्य पठारावरील 'होआंग आन्ह ग्या लाय' हा संघ. त्याचे मालक दोआन न्गुयेन डुक हे खासगी उद्योजक. त्यांनी २००२ साली थायलंडचा सर्वांत नामांकित आघाडीपटू कियातिसक यालाच करारबद्ध केले. २००३ आणि २००४ ही दोन्ही विजेतेपदे या संघाने जिंकली. आणि त्याच २००४ च्या हंगामाअखेर थे कोंग पदावनत होऊन खालच्या श्रेणीत गेला. एकाच तक्त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला दोन युगे उभी होती.

१५/
हे पतन समजण्यासारखे आहे. पूर्वी गुणी मुलगा लष्करात येई, कारण तेथे शिधा होता, प्रतिष्ठा होती आणि अन्य पर्याय नव्हता. आता पर्याय रोख रकमेत मोजला जाऊ लागला. शिस्त आणि परंपरा यांची किंमत बाजारात ठरत नाही. ज्या ताकदीने थे कोंगला मोठे केले होते, ती ताकदच निरुपयोगी झाली.

१६/
२००५ साली संघाची जबाबदारी व्हिएटेलकडे आली. ही कंपनी संरक्षण मंत्रालयाच्याच मालकीची. तिची मोबाइल सेवा २००४ साली सुरू झाली होती आणि ती झपाट्याने वाढत होती. म्हणजे संघ लष्कराच्या एका हातातून दुसऱ्या हातात गेला. २००८ च्या हंगामात तो पुन्हा सर्वोच्च लीगमध्ये दिसला. जुने वैभव मात्र परतले नाही.

१७/
आणि मग तो निर्णय आला. २००९ च्या हंगामानंतर संरक्षण मंत्रालयाने 'थे कोंग' या नावाचा व्यावसायिक संघ पुढे न चालवण्याचे ठरवले. लीगमधील जागा थान्ह होआ प्रांताच्या संघाकडे गेली. संघ पदावनत झाला नव्हता, दिवाळखोरही झाला नव्हता. पंचावन्न वर्षे चाललेले नाव एका आदेशाने थांबले. समर्थकांना विचारले जाण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या व्यवस्थेत समर्थक हा निर्णयातला पक्षच नव्हता.

१८/
पण एक धागा तुटला नाही. व्हिएटेलने युवा खेळाडूंचे प्रशिक्षण चालू ठेवले. तेथील मुलांचा संघ खालच्या श्रेणींतून खेळत वर सरकत राहिला. २०१८ साली व्हिएटेलने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि २०१९ साली सर्वोच्च लीगमध्ये पाऊल ठेवले. क्वे न्गोक हाय यांच्यासारखा अनुभवी बचावपटू बाहेरून आणला गेला. न्गुयेन होआंग डुक यांच्यासारखे खेळाडू घरच्या प्रबोधिनीत घडलेले होते.

१९/
२०२० च्या हंगामात प्रशिक्षक होते त्रुओंग व्हिएत होआंग! १९९८ च्या विजेत्या संघातले तेच, थायलंडविरुद्ध पहिला गोल करणारे. करोनाच्या साथीमुळे तो हंगाम थांबत-अडखळत पार पडला आणि विजेता अखेरच्या दिवशी ठरला. हनोई एफसीला मागे टाकून व्हिएटेल विजेता झाला. खेळाडू म्हणून जिंकलेले विजेतेपद त्याच लष्करी परंपरेत प्रशिक्षक म्हणून पुन्हा जिंकण्याचा मान व्हिएत होआंग यांना लाभला. पुढच्या वर्षी, २०२१ साली, होआंग डुक देशातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या 'सुवर्णचेंडू' पुरस्काराचे मानकरी ठरले.

२०/
येथे इतिहासाच्या अभ्यासकासमोर एक पेच उभा राहतो. २०२० चे विजेतेपद व्हिएटेलचे पहिले मानायचे की थे कोंगचे सहावे? हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. २००६ साली स्थापन झालेल्या हनोई एफसीने २०१० ते २०२२ या काळात सहा विजेतेपदे जिंकली. परंपरा अखंड मानली तर लष्कराचा संघ त्याच्या बरोबरीला येतो. खंडित मानली तर तो यादीत पार खाली जातो. खेळ तेच, गोल तेच. फरक पडतो तो वारसा कोणाचा मानायचा यामुळे.

२१/
खंड पडला असे म्हणणाऱ्यांचा आधार भक्कम आहे. लीगमधील जागा दिली गेली, संघ खालून नव्याने वर आला. सातत्य मानणाऱ्यांचा आधारही दुबळा नाही. मालक तेच, शहर तेच, प्रशिक्षणाची परंपरा तीच, आणि प्रशिक्षकाच्या रूपाने एक जिवंत दुवाही. संस्था म्हणजे नोंदणीचा क्रमांक, की ती चालवणारी माणसे आणि तिची आठवण? घराणी, वृत्तपत्रे, शिक्षणसंस्था यांच्या इतिहासातही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

२२/
२०२३ साली लष्कराने आपल्यापुरते उत्तर दिले. संघाचे नाव अधिकृतपणे 'थे कोंग-व्हिएटेल' झाले. योगायोग असा की त्याच वर्षी जुना प्रतिस्पर्धी कोंग आन हनोई सर्वोच्च लीगमध्ये परतला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. बाजारपेठेच्या रेट्याने नाहीशी झालेली लष्कर आणि पोलीस ही दोन्ही नावे पुन्हा तक्त्यावर आली.

२३/
ही नावे परत आणणाऱ्यांत नुसती हळहळ नव्हती, व्यवहारही होता. नव्या संघाला पैशाने खेळाडू मिळतात, मैदान मिळते. तीन पिढ्यांची ओळख मात्र विकत मिळत नाही. २००९ साली ओझे वाटलेले नाव २०२३ साली भांडवल ठरले. या मधल्या चौदा वर्षांत ते नाव कोणत्याही कार्यालयाने जपले नाही. ते जपले ध्वजबुरुजालगतच्या मैदानावर कधीकाळी सामने पाहिलेल्या लोकांनी, आणि त्यांच्याकडून ते ऐकत मोठ्या झालेल्या मुलांनी.