धर्मस्वातंत्र्याचे दोन अर्थ : अ‍ॅम्स्टरडॅमची परिषद आणि पुणे

इ. स. १९०३ च्या सप्टेंबर महिन्यात हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत विठ्ठल रामजी शिंदे यांनी हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचला. परदेशातील शिक्षण संपवून स्वदेशी परतणाऱ्या एका तरुणास मिळालेला मान, एवढ्याच दृष्टीने या प्रसंगाकडे पाहिले तर त्याचे खरे महत्त्व निसटून जाते. ही परिषद भरविणारी संस्था २५ मे १९०० रोजी बोस्टन येथे युनिटेरियन पंथाच्या पुढाकाराने निघाली, आणि अनेक नामांतरांनंतर १९६९ पासून ती आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य संघ या अर्थाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी एकत्र येऊन धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करण्याची जी चळवळ विसाव्या शतकात जगभर पसरली, तिच्या अगदी आरंभीच्या व्यासपीठावर पुण्यात शिकलेला एक मराठी विद्यार्थी उभा होता.

या संस्थेच्या धुरीणांना धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय अभिप्रेत होते, हे त्यांच्या पूर्वेतिहासावरून उमगते. इंग्लंडात त्रैक्याचा सिद्धांत नाकारणे १८१३ पर्यंत कायद्याने दंडनीय होते. प्रस्थापित चर्चबाहेरच्या पंथीयांस ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्यांची द्वारे दीर्घकाळ बंद होती. धर्ममताची अट बहुतांशी नाहीशी झाली ती १८७१ च्या कायद्याने. अशा बहिष्कृत पंथीयांसाठी १७८६ मध्ये मँचेस्टर शहरी जे विद्यालय निघाले तेच पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि त्याच मँचेस्टर कॉलेजात शिंदे १९०१ ते १९०३ या काळात तौलनिक धर्माचे अध्ययन करीत होते. हॉलंडातील रेमॉन्स्ट्रंट पंथाची कथाही निराळी नाही. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने त्यांच्या मतांचा निषेध करून त्यांच्या उपदेशकांना देशाबाहेर घालविले होते. या मंडळींचे धर्मस्वातंत्र्य म्हणजे ठरीव मतसूत्रांच्या सक्तीपासून मुक्तता. मनुष्याने काय मानावे हे चर्चने वा सरकारने ठरवू नये, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी मोठी किंमत देऊन मिळविलेला होता.

शिंदे तेथवर पोहोचले ते पुण्याच्या वाटेने. फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ मध्ये ते बी. ए. झाले आणि प्रार्थनासमाजाकडे ओढले गेले. पुण्यात हा समाज १८७० पासून होता. तत्पूर्वी, १८९५ च्या डिसेंबरात, अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड हे पुण्यात भरलेल्या राष्ट्रीय सभेस आले होते. (हेच संडरलंड पुढे हिंदी स्वातंत्र्याचे कैवारी झाले आणि त्यांचे त्या विषयावरील पुस्तक ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये जप्त केले.) हिंदी विद्यार्थ्यांस मँचेस्टर कॉलेजात पाठविण्याची जी सोय युनिटेरियनांनी केली ती त्यांच्या या दौऱ्याचे फलित होय. सामाजिक परिषदेला राष्ट्रीय सभेचा मंडप मिळू नये म्हणून पुण्यात वादंग माजले ते याच अधिवेशनाच्या वेळी, आणि परिषद अखेर अन्यत्र भरली. परमताला जागा द्यावी की नाही हा प्रश्न पुण्यात तरी मंडपाच्या जागेचाच होऊन बसला होता, असे थोड्या विनोदाने म्हणता येईल.

धर्मस्वातंत्र्याचा विचार पुण्यास विलायतेहूनच आला असे मात्र मानण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघाताने उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी ते डाव्या हाताने लिहिले होते. त्यांत एका कुटुंबाची कल्पना आहे : आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी महमदी आणि मुलगा सत्यधर्मी, ही सर्व माणसे एका घरात प्रेमाने नांदतात आणि कोणी कोणाचा द्वेष करीत नाही. शिकागोची सर्वधर्मपरिषद भरली ती यानंतर दोन वर्षांनी. तेथे धर्मांचे प्रतिनिधी शेजारी शेजारी बसले. फुल्यांनी धर्म एका चुलीभोवती बसविले, आणि प्रत्येकाची निवड ज्याची त्याने, स्त्रीनेसुद्धा, स्वतः ग्रंथ वाचून केलेली दाखविली. हा दुसरा भाग अधिक धाडसाचा आहे.

स्वदेशी परतल्यावर शिंदे यांनी मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद स्वीकारले. परंतु ज्याला देवळाच्या पायरीवर चढता येत नाही आणि शाळेत शेजारी बसता येत नाही, त्याला मतस्वातंत्र्य देऊन काय दिले, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. १९१० मध्ये मतभेदांमुळे प्रार्थनासमाजाशी असलेला प्रचारकाचा संबंध संपला. उदार धर्माचा प्रतिनिधी म्हणून जो परदेशी उभा राहिला त्याला घरच्या उदार मंडळीतच पुरती जागा उरली नाही, ही गोष्ट समाजाच्या इतिहासकारांनी अधिक मोकळेपणाने लिहावयास हवी. १९१२ मध्ये शिंदे पुण्यास आले. त्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली येथे अस्पृश्यतानिवारक परिषद भरली. पुढे नाना पेठेत होळकरांच्या देणगीतून अहल्याश्रमाची वास्तू उभी राहिली.

या कार्यालाही मर्यादा होत्या. प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर अस्पृश्य पुढाऱ्यांचे शिंदे यांच्याशी तीव्र मतभेद झाले आणि १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून बाजूस झाले. दुसऱ्यांसाठी मागितलेले स्वातंत्र्य आणि ज्याचे त्याने मागितलेले स्वातंत्र्य यांतील अंतर पुढील वर्षांत उघड झाले. १९२९ च्या ऑक्टोबरात शिवराम जानबा कांबळे व त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह मांडला. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि दरवाजे उघडले नाहीत. १९३५ मध्ये येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, आणि १९३६ च्या जानेवारीत पुण्यातील अस्पृश्य तरुणांच्या परिषदेत त्या निश्चयाचा पुनरुच्चार केला. आत येण्याचा हक्क नाकारला गेल्यावर बाहेर जाण्याचा हक्क पुढे आला.

शिंदे यांचे १९४४ मध्ये पुण्यास निधन झाले. मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा झाला १९४७ मध्ये. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांच्या हिंदूंस खुल्या करण्याचा राज्याचा अधिकार ही दोन्ही एकत्र आली. ती एकमेकांवर आदळण्यास उशीर लागला नाही. अहमदाबाद येथील स्वामीनारायण पंथाच्या काही सत्संगींनी, आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू नाही, असा दावा १९४८ मध्ये लावला. म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्याच आधारावर दार बंद ठेवण्याची मागणी होती. १४ जानेवारी १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. निकालपत्र लिहिले सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी; तेही पुण्याच्याच डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी होते.