टेन्शनचा हिशोब: १९८१ ची मुंबई

मी घनसावंगीचा. दिवसा कोड लिहितो, रात्री इतिहास वाचतो. आजचा विषय आहे शहरातल्या गरीब माणसाचं टेन्शन.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबं मुंबईला गेली. गेल्यावर ती जगली कशी? त्याची एक झलक सापडते चक्क सुप्रीम कोर्टाच्या निकालात. ओल्गा टेलिस खटला, १० जुलै १९८५.

त्यातला एक अर्जदार संगमनेरचा. गावात चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. घर पडलं, म्हणून १९६९ मध्ये तो मुंबईला आला. बदली कामगार झाला, महिना ३५० रुपये. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागेसाठी ३०० रुपये गुंडाला दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले. म्हणजे जवळपास तीन पगार, आणि तेही एका झोपडीसाठी!

आता बदली म्हणजे काय? कायम कामगार गैरहजर असला तरच काम. रोज सकाळी प्रश्न, आज काम मिळेल का? रोज संध्याकाळी दुसरा प्रश्न, झोपडी जागेवर असेल का?

१३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, फूटपाथवरच्यांना हटवून आपापल्या गावी पाठवणार. ऐन पावसाळ्यात. तमिळनाडूतल्या सेलमच्या एका अर्जदाराची झोपडी २३ जुलैला पाडली आणि त्याला बायको-मुलींसह बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली गावी राहिल्या, तो कामासाठी परत आला, पुन्हा फूटपाथवरच. संगमनेरवाल्याची झोपडीही पाडली होती, त्यानं ती परत उभी केली.

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठानं मान्य केलं, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पण फूटपाथ अडवण्याचा हक्क कुणाला नाही, असंही सांगितलं. पाडापाडी पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबली. तत्त्व मोठं मिळालं, छप्पर मात्र वाचलं नाही.

अशा माणसाची झोप उडाली, तो चिडका झाला, दारूकडं वळला, की आपण पटकन म्हणतो, 'मनानं कच्चा आहे.' मला हे पटत नाही. सतत धोका दिसत असेल, तर मेंदू सावध राहणारच. त्यात बिघाड कुठंय? उलट एवढं सोसून पुन्हा बांबू रोवणारा माणूस कच्चा कसा?

मदत घ्यायलाच हवी. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर सेव्ह करून ठेवा. पण गोळीनं झोप येईल, झोपडी वाचणार नाही. म्हणून गरीब वस्तीच्या मानसिक आरोग्याबद्दल बोलताना डॉक्टरसोबत पगार, घर आणि नोटीस यांचंही बोलू या.

भेटू पुढच्या भागात.