‘आपण’ घराबाहेरच राहिलं

आदरार्थी ‘आपण’ मुळात संस्कृत ‘आत्मन्’, प्राकृतात ‘अप्पण’, अर्थ ‘स्वतः’. जपानीतलं ‘आनाता’ मुळात ‘पलीकडची बाजू’. एके काळी मानाचं, आज वरिष्ठांना म्हटलं तर उद्धटपणा. आपलं ‘आपण’ असं घसरलं नाही, पण घरातही शिरलं नाही.

१९७०च्या सुमारास सुरू झालेल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत मी हेच ऐकत आलो: साहेबांना ‘आपण’, वडिलांना ‘तुम्ही’, आईला ‘तू’. ते जिव्हाळ्याचं ‘तू’, असं सांगतात. विठोबालाही ‘तू’च की! मला हे पुरतं पटत नाही. तीच आई वडिलांना ‘अहो’ म्हणायची, वडील तिला ‘अगं’. आता नवी जोडपी एकमेकांना ‘तू’ म्हणतात. बरोबरी आली, ती तिला ‘अहो’ मिळून नव्हे, त्याचं ‘अहो’ सुटून.