कोलकात्याचा स्फटिक : पेटंट, कारखाना आणि भांडवल

जुलै २०२४ मध्ये ग्लोबलफाउंड्रीज या बड्या चिप-उत्पादक कंपनीने टागोर टेक्नॉलॉजी या लहान कंपनीचे गॅलियम नायट्राइडविषयीचे तंत्रज्ञान आणि त्यावरील बौद्धिक हक्क विकत घेतले. टागोर टेक्नॉलॉजीची स्थापना २०११ सालची. चिपचा आराखडा करणारी तिची केंद्रे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात आणि कोलकात्यात होती. स्वतःचा कारखाना मात्र नव्हता. पुढे सप्टेंबरमध्ये भारत-अमेरिका संयुक्त निवेदनात ग्लोबलफाउंड्रीजच्या ‘कोलकाता पॉवर सेंटर’ची घोषणा झाली.

प्रस्थापितांच्या बाजारात नवी चिप कंपनी टिकेल का, तिच्यात पैसा गुंतवावा का, हा प्रश्न आज अनेक जण विचारतात. कोलकात्यापुढे तो पहिल्यांदा १९०१ साली उभा राहिला होता.

प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे जगदीशचंद्र बोस तेव्हा काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करीत होते. या लहरी टिपण्यासाठी त्यांनी गॅलिना, म्हणजे शिसे आणि गंधक यांच्या संयुगाचा नैसर्गिक स्फटिक वापरला. अशा स्फटिकाला धातूचे टोक टेकवले की त्या स्पर्शबिंदूतून जाणारी वीज ओहमचा नियम पाळत नाही. स्फटिकांचा हा गुण जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ मध्ये नोंदवला होता. बोस यांनी त्यातून लहरी ओळखणारे उपकरण घडवले. आजच्या भाषेत ते अर्धवाहक उपकरण होते.

मे १९०१ मध्ये लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोस यांचे व्याख्यान होते. त्यापूर्वी एका तार कंपनीचा मालक पेटंटचा कागद घेऊनच त्यांच्याकडे आला. पैसा मी लावतो, नफ्यातील अर्धा वाटा मला द्या, असा त्याचा प्रस्ताव होता. बोस यांनी तो नाकारला आणि ती हकीकत रवींद्रनाथांना पत्राने कळवली. ज्ञान विकायचे नाही, ही त्यांची निष्ठा होती. पुढे भगिनी निवेदिता आणि सारा चॅपमन बुल यांच्या आग्रहामुळे ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी पेटंट क्रमांक ७५५,८४० मंजूर झाले. त्यातला अर्धा हक्क श्रीमती बुल यांच्या नावे होता. अर्धवाहक उपकरणावरील जगातले हे पहिले पेटंट मानले जाते. बोस यांनी त्यातून धन मिळवण्याचा प्रयत्न केला नाही.

अमेरिकेतील ग्रीनलीफ पिकार्ड यांनी मात्र हजारो खनिजजोड्या तपासून १९०६ मध्ये सिलिकॉनच्या शोधकावर पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी भागीदारांसह कंपनी काढली. बोस यांच्या पेटंटची १७ वर्षांची मुदत १९२१ मध्ये संपली. त्याच सुमारास अमेरिकेत रेडिओ प्रसारणाला सुरुवात झाली आणि गॅलिनाच्या स्फटिकावर चालणारे संच घरोघरी पोहोचले.

याच कॉलेजातल्या दुसऱ्या प्राध्यापकाने वेगळी वाट धरली. प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडवरील राहत्या घरात, हजार रुपयांहूनही कमी भांडवलावर, बेंगॉल केमिकल वर्क्स सुरू केले. बाजार विलायती औषधांनी भरलेला होता आणि देशी माल ठेवायला दुकानदार नाखूश होते. राय यांनी ब्रिटिश प्रमाणाची औषधे बनवलीच. शिवाय अडुळशाचे सिरप, ओव्याचा अर्क अशी विलायती कंपन्यांकडे नसलेली उत्पादने आणली. नफा वाटून न घेता तो उद्योगातच घातला. बोस यांनी पेटंटचा अर्ज केला त्याच १९०१ साली ही संस्था मर्यादित कंपनी झाली. १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. आजही ती चालू आहे.

आता गॅलियम नायट्राइडकडे पाहू. सिलिकॉनपेक्षा हे संयुग अधिक विद्युतदाब सोसते, अधिक वेगाने चालू-बंद होते आणि उष्णतेत कमी ऊर्जा दवडते. म्हणूनच फोनचे चार्जर लहान झाले. पण हे तंत्र कारखान्यात रुजवणे महाग आहे. व्हरमाँटमधील एकाच कारखान्यात या उत्पादनाला गती देण्यासाठी अमेरिकी सरकारने २०२३ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजला ३.५ कोटी डॉलर दिले. त्याच वर्षी जर्मनीच्या इन्फिनिऑनने कॅनडाची गॅन सिस्टिम्स ही तरुण कंपनी ८३ कोटी डॉलरना विकत घेतली. कारखाना नसलेल्या कंपनीजवळ आराखडे, पेटंटे आणि माणसे एवढीच मालमत्ता असते. प्रस्थापितांना तीच हवी असते.

तेव्हा नव्या चिप कंपनीविषयी ‘हिचे तंत्र पहिले आहे का?’ एवढेच विचारून भागत नाही. बोस पहिले होतेच. तंत्राचा हक्क कोणाकडे आहे, ते कोणाच्या कारखान्यात बनणार, मोठ्यांनी मोकळी सोडलेली कोणती गरज ते भागवणार आणि तोवर थांबण्याइतके भांडवल आहे का, हे चार प्रश्नही विचारावे लागतात. बोस यांच्या निःस्वार्थ वृत्तीचा आदर उणावत नाही; पण त्यांच्या शोधाला राय यांच्यासारखा कारखानदार मिळाला नाही. दोघेही एकाच कॉलेजात शिकवत होते.