लांडग्याचा जीव आणि कायद्याचा कागद

अमेरिकेतला लांडगा आपोआप संपला नाही, तो सरकारने संपवला. १६३० साली मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीने लांडगा मारणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. पुढे बायसन आणि हरणं बेसुमार मारली गेली. शिकार उरली नाही म्हणून लांडगा गुरांवर येऊ लागला आणि गुन्हेगार तोच ठरला. १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमले. बंदुका, सापळे, स्ट्रिक्निनचं विष, सगळं वापरलं. १९२६ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात उरलेसुरले लांडगे उद्यानाच्याच कर्मचाऱ्यांनी मारले. १९६०च्या दशकात अलास्का सोडला तर मिनेसोटाचा ईशान्य कोपरा आणि सुपीरियर सरोवरातलं आयल रॉयल बेट, एवढ्याच ठिकाणी तो टिकून होता.

ज्या सरकारने मारलं, त्यालाच पुढे वाचवण्याचा कायदा करावा लागला. १९७३मध्ये लुप्त होत चाललेल्या प्रजातींच्या रक्षणाचा कायदा आला. १९९५ आणि १९९६ या दोन हिवाळ्यांत कॅनडातून आणलेले ३१ लांडगे यलोस्टोनमध्ये सोडले गेले.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या लांडग्यांना कायद्यात ‘प्रायोगिक’ दर्जा दिला होता. म्हणजे गुरांवर हल्ला करताना लांडगा दिसला, तर पशुपालक तो मारू शकत होता. मेलेल्या गुरांची भरपाई एक खासगी संस्था देत होती. ज्याचं नुकसान होणार, त्याची दखल आधीच घेतली होती. तरी विरोध थांबला नाही, पण लांडगे वाढले. रॉकी पर्वताच्या उत्तर भागात ३०० लांडग्यांचं उद्दिष्ट २००२पर्यंत पूर्ण झालं.

त्यानंतर वाद सुरू झाला तो संरक्षण काढण्याचा. सरकार यादीतून नाव काढी, न्यायालय परत घाली. अखेर एप्रिल २०११मध्ये संसदेने अर्थसंकल्पाच्या विधेयकात एक कलम घुसवून आयडाहो आणि मोंटानातलं संरक्षण काढलं. या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असंही त्यातच लिहिलं. लांडगा पुरेसा वाढला होता की नाही, यावर मतभेद असू शकतात. पण दाद मागण्याचा दरवाजाच बंद करणं मला जास्त गंभीर वाटतं.

संरक्षण गेलं की काय होतं, हे फेब्रुवारी २०२१मध्ये विस्कॉन्सिनमध्ये दिसलं. राज्याने शिकाऱ्यांना ११९ लांडगे मारायची मुभा दिली होती. ओजिब्वे आदिवासींच्या वाट्याला ८१ होते. लांडग्याला ते भाऊ मानतात, म्हणून ते जिवंत राहावेत अशी त्यांची इच्छा होती. तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. म्हणजे आदिवासींचा वाटाही शिकाऱ्यांनीच संपवला. वर्षभराने, फेब्रुवारी २०२२मध्ये, न्यायालयाने देशाच्या बऱ्याच भागात संरक्षण पुन्हा लागू केलं.

आपल्याकडे सोलापूर-पुण्याच्या माळरानांवरचा लांडगा याच करड्या लांडग्याच्या कुळातला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. पण माळरानाला आपण ‘पडीक’ म्हणतो, आणि मेंढी गेली की धनगर एकटा पडतो. अमेरिकेचा अनुभव मला एवढंच सांगतो की यादीतलं नाव पुरत नाही. मेंढपाळाला भरपाई वेळेवर मिळायला हवी, माळरान राहायला हवं, आणि सरकार चुकलं तर न्यायालयाचं दार उघडं असायला हवं.