मांचुरियनच्या गोळ्यात साखर कधी शिरली

आंबटगोड रश्शातल्या गोळ्यांची भारतातली कथा एका साखर कारखान्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टाँग अच्यू नावाचा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला कलकत्त्याच्या खाली, बजबजजवळ हुगळीकाठी जमीन दिली. तिथे त्याने चिनी मजूर आणून ऊस लावला आणि साखर काढायला सुरुवात केली. त्याच्यानंतर कारखाना फार टिकला नाही. मजूर कलकत्त्यात गेले आणि भारतातली पहिली मोठी चिनी वस्ती तिथे वाढली. सुतारकाम, चामड्याचा धंदा, चपला आणि मग खाणावळी, असा तिचा प्रवास झाला.

मुंबईतले चिनी त्या मानाने थोडे. बरेचसे गोदीतले आणि जहाजांवरचे कँटोनी लोक. त्यांनी 1919मध्ये बांधलेलं देऊळ माझगावला अजून उभं आहे. चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्याचं नानकिंग अशी त्यांची हॉटेलं साहेबांची आणि श्रीमंतांची होती. गिरगावच्या चाळीतला कारकून तिथे पाऊल ठेवत नसे. 1962च्या युद्धात चिनी वंशाच्या सुमारे 3000 लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं आणि सुटल्यावर अनेकांनी देशच सोडला. पुढे बारा-पंधरा वर्षांत त्याच समाजातल्या एका आचाऱ्याने भारताला नवा पदार्थ दिला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नेल्सन वाँग हे ते आचारी. कलकत्त्यात वाढलेले, 1974मध्ये मुंबईत आलेले. 1975मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकाने काहीतरी नवीन करून द्या म्हटलं. वाँग यांनी आपल्याकडच्या कोणत्याही रश्शाची सुरुवात जशी होते तशीच केली: लसूण, आलं, हिरवी मिरची बारीक चिरून. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस दाट केला आणि त्यात चिकनचे तुकडे सोडले. ही कृती त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. तिच्यात साखर नाही. गोळेही नाहीत.

म्हणजे आज डोंबिवलीच्या गाडीवर मिळणाऱ्या मांचुरियनमधल्या दोन ठळक गोष्टी, गोल आकार आणि गोडवा, नंतर आल्या.

गोळा आला तो मुख्यतः शाकाहारी गिऱ्हाइकामुळे. चिकनच्या तुकड्याला पर्याय हवा होता. तरला दलाल यांचं पहिलं पुस्तक 1974चं. परदेशी पदार्थ मांसाशिवाय घरी करता येतात हे त्यांनी गुजराती आणि मराठी गृहिणींच्या गळी उतरवलं, आणि त्या वातावरणात कोबी-गाजराचा गोळा रुजला. कोबी किसायचा, मीठ लावून पिळायचा, मैदा आणि कॉर्नफ्लोअरमध्ये मळून तळायचा. कोबीची भजी ज्या हातांनी तळली त्यांना यात शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं. खिम्याचे कोफ्ते करणाऱ्या घरांना तर नाहीच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ 1910चं, पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघरातून आलेलं. मांसाहारी पदार्थ मराठीत लिहून ठेवायची सवय निदान तेव्हापासूनची आहे. त्यामुळे गाडीवर चिकनचा खिमा गोळ्यात गेला तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही.

गोडवा आला बाटलीतून. टोमॅटो केचपमध्ये वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास साखर असते. गाडीवाल्याचं गणित सोपं आहे. ताजे टोमॅटो महाग, आटवायला गॅस लागतो, वेळ लागतो. केचप, व्हिनेगर, सोया आणि लाल रंग यांनी तेच काम दोन मिनिटांत होतं. साखर व्हिनेगरचा उग्रपणा झाकते आणि हलक्या प्रतीचा सोयाही. रंग तर निव्वळ डोळ्यांसाठी. त्या रंगाने पुढे सरकारलाही कामाला लावलं: 2024च्या सुरुवातीला म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेत गोबी मांचुरियनच्या स्टॉल्सवर बंदी आली आणि मार्चमध्ये कर्नाटकाने या पदार्थातल्या कृत्रिम रंगांवर. साखरेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

डोंबिवलीपर्यंत हे सगळं रेल्वेने आलं म्हटलं तरी चालेल. ठाण्याहून कल्याणला गाडी 1854मध्ये पोचली, डोंबिवलीला स्टेशन मिळालं 1887मध्ये. पुढे गिरगाव-दादरच्या जागा परवडेनाशा झाल्या तशी मराठी मध्यमवर्गाची कुटुंबं इकडे सरकली. नवरा-बायको दोघंही लोकलने मुंबईला जाणार, घरी परतायला रात्र होणार. त्यातून इथे गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं उभी राहिली. चायनीजची गाडी ही त्याच गरजेची धाकटी बहीण. पोळीभाजी मोठ्यांसाठी, शेजवान राइस आणि ‘हाफ मांचुरियन ग्रेव्ही’ मुलांसाठी. शाळेबाहेर कुरकुरीत नूडल्सची चायनीज भेळ. कल्याण-शीळ रस्त्यावर आगरी मटणाच्या पाटीखालीही ‘चायनीज’ लिहिलेलं असतं. श्रावणात तर कोबीच्या गोळ्याची चलती, कारण गटारीपर्यंत चिकनवर असलेली मंडळी महिनाभर त्यावर भागवतात.

गंमत अशी की साखर न घालता आंबटगोड कसं करायचं हे मुंबई-ठाण्याच्या रस्त्याला आधीपासून ठाऊक होतं. भेळेची खजूर-चिंचेची चटणी हेच करते. चिंच आंबट, खजूर गोड. जाणकार भेळवाला त्यात फार तर गुळाचा खडा टाकतो.

आता मधुमेहाच्या भीतीने ज्या घरांत साखरेचा डबा मागच्या फळीवर गेला आहे, तिथे मांचुरियन पुन्हा वाँग यांच्या कृतीकडे सरकू लागलं आहे. कांदा मंद आचेवर बदामी होईस्तोवर परतला की त्याची मूळची गोडी वर येते. शंभर ग्रॅम कांद्यात चार ग्रॅमच्या आसपास साखर असतेच, गाजरात त्याहून जरा जास्त. पिकलेले टोमॅटो सालं काढून निम्मे होईस्तोवर आटवायचे, त्यात वाफवलेल्या गाजराची पेस्ट, आंबटपणाला व्हिनेगर किंवा थोडं आमसुलाचं आगळ. रंगाला काश्मिरी मिरची. खिम्याचे गोळे तळण्याऐवजी आप्पेपात्रात फिरवून घेतले तरी चालतात, मात्र खिमा कोरडा हवा आणि मीठ लावून चांगला मळलेला हवा, नाहीतर रश्शात गेल्यावर फुटतो. गोळा रश्शात सोडायचा तो वाढायच्या वेळी.

कोणी गोडीसाठी दोन खजूर वाटून घालतं. चव सुरेख येते, पण सुकलेल्या खजुरात साठ टक्क्यांहून अधिक साखरच असते, तेव्हा रक्तातली साखर मोजणाऱ्याने तो हिशेबात धरलेला बरा. कॉर्नफ्लोअरचाही तोच प्रकार: चवीला गोड नाही, पण पोटात गेल्यावर ग्लुकोजच होतो. दाटपणा टोमॅटो-गाजरातूनच आणला तर कॉर्नफ्लोअर अर्ध्या चमच्यावर भागतो, आणि मग ताटातला फ्राइड राइस किती घ्यायचा एवढाच वाद उरतो.