टिकली-जरीची तसबीर

घराच्या भिंतीवर चित्र असणें ही एके काळीं राजेरजवाड्यांची मिरास होती. शिळाछापामुळें तें सामान्यांच्या दारीं आलें. विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा काढली. १८९४ मध्यें राजा रविवर्मा यांनीं मुंबईस छापखाना उघडला; पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. मग मुंबईची चाळ काय नि मिरजगावाकडचें माळवदी घर काय, लक्ष्मी-सरस्वती कोठेंही सारख्याच मानानें विराजूं शकल्या.

परंतु छापील चित्र सर्वांचें एकच. तें आपलें कसें व्हावें? याचें उत्तर गृहिणींनीं दिलें. विरलेल्या शालूची जर व काठ बेतानें कातरून त्यांनीं छापील देवीस लुगडें नेसविलें. टिकल्या, मणी, तुटल्या माळेचे खोटे मोती यांचे दागिने चढविले. मुख व हात तेवढे कागदाचे राहिले. खर्च काय तो सुईदोऱ्याचा आणि खळीचा.

रविवर्मा १९०६ सालीं वारले. मळवलीचा छापखाना १९७२ सालीं आगींत भस्मसात् झाला. सजविलेल्या कांहीं तसबिरी मात्र संग्रहांतून उरल्या आहेत. त्यांवर चित्रकाराचें नांव असतें, छापखान्याचेंही असतें. जिनें दिव्याशीं बसून जर टांकली, तिचें नसतें. म्हणून अशी तसबीर घरांत निघाल्यास ती मोडींत घालण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांस विचारावें, आणि तें नांव चौकटीमागें लिहून ठेवावें.